लाभाची खुर्ची

ज्या खुर्चीने अपघातात एक लेकरू वाचवले, त्या खुर्चीत दुसरे लेकरू बसवू नये, एवढे एक वाक्य रुपालीला तीन दिवसांत घरातल्या एकाही माणसाच्या गळी उतरवता आले नव्हते. वाक्य अवघड नव्हते. मलकापूरच्या ज्या आयटीआयत ती वेल्डिंग शिकवत असे, तिथले विद्यार्थी ते पहिल्याच आठवड्यात शिकत: ज्या सांध्याने एकदा जबर धक्का खाल्ला, तो वरून कितीही धड दिसला तरी धड समजायचा नाही. अडचण निराळीच होती. ऐकणारा प्रत्येक जण त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग तेवढा ऐकत असे. वाचवले ना? मग झाले तर.

अमडापूरच्या तिच्या माहेरी, ओसरीवर, ती खुर्ची पाटावर मांडून ठेवली होती. मोटारीच्या मागच्या आसनाला पट्ट्याने जखडायची आणि आत तान्ह्या मुलाला निजवून त्याच्या खांद्यांवरून पट्टे लावायचे, अशी ती करड्या रंगाची खुर्ची. खाली टणक प्लास्टिकचे कवच, वर गादी. कडीला सात काळे दोरे. प्रत्येक दोरा म्हणजे त्या खुर्चीतून सुखरूप घरी पोहोचलेले एक मूल, आणि दोरा बांधणारी एक कृतार्थ आई. आठव्या दोऱ्यासाठी जागा मोकळी होती. दीड महिन्याची आठवी उमेदवार आतल्या खोलीत मुठी आवळून झोपली होती.

खुर्ची मूळची मलकापूरच्या शकीलची. पुण्यात नोकरीला असताना त्याने ती मुलीसाठी घेतली होती. दोन वर्षांपूर्वी हायवेवर उभ्या असलेल्या ट्रकवर त्याची गाडी मागून आदळली. शकील गेला, त्याची बायको गेली. मागच्या आसनावर, या खुर्चीत, दीड वर्षाच्या मलिहाच्या कपाळावर काचेचे दोन ओरखडे निघाले. शकीलचा भाऊ जाकीर हा रुपालीच्या नवऱ्याचा, शेखरचा, शाळेपासूनचा मित्र. त्याने मलिहाला आपल्या घरी आणले आणि खुर्ची माळ्यावर टाकली. तिथेच तिचे सार्थक झाले असते. पण मोताळ्याचे एक कुटुंब आले. त्यांची दोन मुले पाठोपाठ दगावली होती. तिसरे दवाखान्यातून घरी न्यायला त्यांनी ती खुर्ची मागितली. ते मूल जगले. मग नांदुऱ्याहून माणूस आला. मग खुर्चीला माळा पाहायची सवडच मिळाली नाही, आणि आता शेखरने ती अमडापूरला आणून ठेवली होती.

या भागात तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिले कापड नवे लावत नाहीत. ज्याच्या घरी लेकरू जगले-वाढले, त्याच्याकडचे जुने झबले मागून आणायचे. त्या कापडाला जगण्याची सवय झालेली असते. ज्या घरात मूल गेले आहे, त्या घराने तर मागूनच आणायचे. झबल्यापुरते पाहिले तर या रीतीत शहाणपण आहे: धुऊन धुऊन खळ गेलेले सुती कापड कोवळ्या कातडीला बोचत नाही. पण रीती जन्मतात सुतासाठी आणि लागू होतात प्लास्टिकला. मधल्या काळात त्यांना हटकणारे कोणी भेटत नाही. कापड जुने होते तसे मऊ पडते. ही वस्तू जुनी होते तशी फुटायला येते. हा फरक सांगायला शास्त्र लागत नाही. ऐकून घ्यायला मात्र काळीज लागते, आणि ते त्या घरात तीन वर्षांपूर्वीच गोठले होते.

तीन वर्षांपूर्वी रुपालीला मुलगा झाला होता. त्याच्यासाठी तिने सारे नवे आणले होते, झबली, दुपटी, टोपडी, पाळण्यातली चिमणीसुद्धा. एकोणिसाव्या दिवशी तो गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर स्वच्छ लिहून दिले होते की हृदयातला दोष जन्मजात आहे, गर्भाच्या पहिल्या दोन महिन्यांतच घडलेला. झबली आठव्या महिन्यात घेतलेली होती. म्हणजे परिणाम आधी घडला आणि कारण सहा महिन्यांनी दुकानातून आले. काळाचे हे उलटे वाहणे दोन्ही घरांत कोणालाही खटकले नाही. आणि खरे सांगायचे तर, बाळाला पाजायला घेतले की कधी कधी, घोट मोजता मोजता, रुपालीलाही ते खटकत नसे. तिचा पराभव खुर्ची घरात येण्यापूर्वीच तिथे, तिच्या आत, येऊन बसला होता.

तरीही तिने नवी खुर्ची मागवली होती. ती गुरुवारी अमडापुरात पोहोचली असे फोन सांगत होता. घरात खोके मात्र कुठेच दिसेना.

"माय, पार्सलवाला आल्ता का?"

अन्नपूर्णाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "आल्ता."

"मंग?"

"धाडला वापस."

"काऊन?"

"खोक्यावर फोटू होता खुर्चीचा. म्या म्हटलं, आमच्याइथं कोनं काई मांगवलं नाई बाप्पा, ने तू."

"अवं पन तो फोन केल्याबिगर जात नाई!"

"तुहा फोन माह्याजवळच होता. तू झोपेल होती." शेंग फुटली, दाणे सुपात पडले. "रुपाली, तुह्या पयल्या वक्ती म्या गप राह्यली. तू म्हने, माय, हे सारं अडानीपन हाय, आपन दुकानातून आनू. म्या म्हटलं, पोरगी शिकेल हाय, सरकारी नोकरी करते, तिले आपन काय सांगाव. गप राह्यली. एकोनीस दिवस झाले अन् संपलं. या वक्ती मी गप नाई राहत. तू मले शिव्या दे पाह्यजे तं."

शिव्या देणे सोपे झाले असते. सासूने पार्सल परत धाडले असते तर रुपाली चार दिवस भांडली असती आणि जिंकलीही असती. पण आईच्या प्रेमाशी भांडण्याचे हत्यार कोणत्याही वर्कशॉपात घडवत नाहीत. तिने फक्त विचारले, "अन् उद्या ही खुर्ची उकलली तं?"

"सात जनाची नाई उकलली. तुहीच उकलन?"

सात. न्यायशास्त्रात अशा अनुमानाला नाव आहे. अन्नपूर्णाबाईंना ते ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्या सात मुलांच्या गाड्यांना एकदाही धक्का बसला नव्हता, म्हणजे खुर्चीची परीक्षाच झाली नव्हती. जी परीक्षा कधी झालीच नाही, तिच्यात सात वेळा पहिली आलेली ही खुर्ची.

शनिवारी सकाळी शेखर गाडी घेऊन आला. सोबत त्याची आई, रुक्मिणीबाई, जरीच्या लुगड्यात. त्या दिवशी बाळाला सासरी मलकापूरला न्यायचे होते. वाटेत बुलढाण्याला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचे होते. ते डॉक्टर महिन्यातून एका शनिवारी येत. पहिले मूल कशाने गेले हे माहीत असल्यावर दुसऱ्याची ती तारीख चुकवणे रुपालीला शक्य नव्हते. म्हणजे जायचे त्याच दिवशी. पुढच्या आठवड्यात नवी खुर्ची पुन्हा मागवू, ही पळवाट डॉक्टरांच्या वहीतल्या एका ओळीने बंद केली होती.

चहा झाला. मग रुपाली उठली, म्हणाली, "अर्धा तास थांबा. मी दाखवते तुमाले." तिने देवघरातून कुंकवाचा करंडा आणला, स्वयंपाकघरातून वाटीभर तेल.

"पूजा करून राह्यली का?" रुक्मिणीबाई प्रसन्न झाल्या. "कर, कर. चांगली आठवन ठेवली."

रुपालीने खुर्चीची गादी काढली, कवच पालथे केले आणि कुंकू तेलात कालवून सगळ्या पाठीवर चोळले. आयटीआयत हेच काम डब्यातल्या लाल रंगाने करतात: जिथे डोळ्याला न दिसणारी चीर असते तिथे तो पातळ रंग आत शिरतो. मग वरचा सगळा पुसून टाकायचा आणि पांढरी भुकटी मारायची. चिरेत दडलेला रंग भुकटीत वर येतो. लपलेल्या दोषाला स्वतःची सही करायला लावणारी ही युक्ती रुपालीला आपल्या धंद्यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटत असे. तिने पाव तास वाट पाहिली. जुन्या धोतराच्या तुकड्याने कवच लख्ख पुसले. सगळ्यांना दाखवायचे म्हणून दोनदा पुसले. मग बाळाच्या पावडरचा डबा त्यावर उपडा केला आणि हाताने थर सारखा केला.

क्षणभर काही नाही. नुसता पांढरा थर. मग, पट्टा जिथून आत जातो त्या खाचेपासून, केसाएवढी एक लाल रेघ उमटली. सावकाश खाली उतरत वीतभर झाली, आणि तळाशी पोहोचून तिला दोन फाटे फुटले.

तीन दिवसांत पहिल्यांदा रुपालीला श्वास पुरला. "पाहा," ती म्हणाली. "इथं तडा गेला हाय. वरून दिसत नाई, पन हाय. पुन्हा धक्का बसला तं इथूनच उकलनार, अन् पट्टाच सुटून येनार. आता समजलं?"

 रुक्मिणीबाई जवळ आल्या. वाकून पाहिले. मग त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि दोन्ही हात जोडले.

"शेखर, पाह्य रे बाबू. भांग भरला."

"आई, तो भांग नाई, तो तडा..." रुपाली म्हणाली.

"म्या माह्या डोयानं पाह्यलं ना. पांढऱ्यावर आपल्याआप लाल उमटलं. तूच तं सारं पुसून टाकलं होतं. पुसलं होतं का नाई?"

"पुसलं होतं, पन..."

"दोनदा पुसलं," अन्नपूर्णाबाईंनी साक्ष दिली.

"मंग? आता कुकू आलं कुठून?"

प्रयोगाची जितकी काटेकोर तयारी, तितका चमत्कार निर्मळ. एकदाच पुसले असते तर कोणी शंका तरी घेतली असती.

"बरं, तडाच म्हना," अन्नपूर्णाबाई समजुतीने म्हणाल्या, "त्या लेकरावरचं संकट हिनं आपल्या आंगावर घेतलं. तडा हिले गेला, लेकराले नाई गेला. हेच तं म्हनून राह्यलो आमी."

हे अक्षरशः खरे होते. खुर्ची बनवणाऱ्या इंजिनियरने याहून नेमके वर्णन केले नसते. खुर्चीचे काम तेच: धक्का आपल्या अंगावर घेणे. फक्त ती ते एकदाच करू शकते आणि हिने ते केलेले होते. पण एका वेळी एकच सत्य मावते अशा जागी दुसरे कितीही ढकलले तरी आत शिरत नाही. रुपालीने नवऱ्याकडे पाहिले. शेखर ठिबकच्या नळ्या विकत असे. तडा गेलेली नळी तो नुसत्या बोटाने ओळखत असे.

"तुमी कास्तकाराले तडा गेलेली नळी देता का?"

"नाई."

"मंग हे?"

"नळी वेगळी, रुपाली."

"काऊन वेगळी?"

शेखरने खुर्चीकडे पाहिले, मग आईकडे. "नळीनं कोनाचा जीव नाई वाचवला," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. तोही एकोणीस दिवसांचा बाप होता, ही गोष्ट रुपाली रागात विसरे. आठवली की राग ठेवायला जागा उरत नसे.

रुक्मिणीबाईंनी तोडगा काढला. "नसन बसवाची तं नोको बसवू वं. जबरदस्ती हाय का? मी घेते मांडीवर, पुढं बसून. शेखरले म्या तसंच आनलं होतं, जीपीत, बारा मानसं होती."

आणि इथे रुपालीचा खरा निर्णय सुरू झाला. मांडीवर घेतलेले पाच किलोचे मूल, साठाच्या वेगात गाडी आदळली की, धरणाऱ्याच्या हाताला दीड क्विंटलचे होते. कोणाच्याही हातात तेवढी ताकद नसते, आईच्याही नाही. मातृत्वाच्या सगळ्या ओव्या या एका गणितापुढे नापास आहेत. फुटलेली खुर्ची कदाचित धरेल, कदाचित धरणार नाही. मांडी नक्कीच धरणार नाही. तिसरी वस्तू परवा दारातून परत गेली होती. रुपालीने गणित पुन्हा केले. पुन्हा तेच उत्तर आले. तिचा तर्क, एकटाच चालत, कोणाचाही हात न धरता, त्याच पाटापाशी येऊन पोहोचला होता जिथे बाकीचे हात जोडून उभे होते.

"बसवते," ती म्हणाली.

"पाह्यलं!" रुक्मिणीबाई विहिणीला म्हणाल्या. "देवी दिसली तवा मन वळलं."

रुपालीने पावडर पुसली नाही. खुर्ची उलट्या तोंडाने मागच्या आसनावर ठेवली, गाडीचा पट्टा शक्य तेवढा तड्याच्या दुसऱ्या बाजूने ओढून गुडघा रोवून आवळला आणि लेकीला आत निजवून तिच्या पट्ट्यांचे कुलूप लावले. ते कुलूप लागल्याचा आवाज तिला फार दूरवरून ऐकू आला. "चाळीसच्या वर जायाचं नाई," ती शेखरला म्हणाली. तेवढे एक तिच्या हाती उरले होते.

चिखलीमार्गे बुलढाणा. डॉक्टर शांत, थकलेले, भल्या आवाजाचे. पडद्यावर करड्या सावल्या हलत होत्या. त्यातल्या एका मुठीएवढ्याही नसलेल्या सावलीची उघडझाप ते बराच वेळ पाहत राहिले. 

"एकदम नॉर्मल आहे," ते म्हणाले. "कुठेही काही नाही. घेऊन जा, मजेत राहा."

ती रडली. रडून झाल्यावर, या माणसाचे शब्द बाहेर बसलेल्या सासूला पटतील या आशेने, तिने खुर्चीचे विचारले. अपघातातली आहे, तडा गेलेला आहे, तुम्ही एवढे बाहेर येऊन सांगाल का?

डॉक्टर हसले. "ताई, आपल्याकडे कार सीट वापरतं कोण? तुम्ही वापरताय हेच कौतुकाचं. फार विचार करू नका, पहिल्या अनुभवामुळे असं होतं." आणि त्यांनी घंटी वाजवली.

ज्ञानाची उतरंडही तशीच होती म्हणायची: ज्याला हृदयाच्या पडद्यावर सुईएवढे छिद्र दिसत होते, त्याला वीतभर तडा ऐकूनही दिसत नव्हता. बाहेर रुक्मिणीबाई उभ्याच होत्या. "काय म्हने?" "चांगलं हाय सारं." त्यांनी तिथल्या तिथे बाळाच्या डोक्यावरून कडाकडा बोटे मोडली. "आजच पोरगी खुर्चीत बसली, अन् आजच रिपोट चांगला आला. अजून काय पाह्यजे वं तुले?"

राजूरचा घाट उतरताना तिसऱ्या वळणावर एक माकड पिलाला पोटाशी धरून रस्त्यात उतरले. शेखरने ब्रेक दाबला. जोरात नाही, चाळीसच्या वेगाला लागतो तेवढाच. रुपालीच्या कानाजवळ एक आवाज झाला: कट्. कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा. खुर्ची बोटभर डावीकडे कलली. बाळ जागे झाले नाही.

"काय झालं?" शेखरने आरशात पाहिले.

"काई नाई," ती म्हणाली. घाटात थांबायला जागा नव्हती आणि थांबून करायला काही नव्हते. तिने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली. हातात तेवढी ताकद नसते हे सकाळीच तिने सिद्ध केले होते. तरी मलकापूरपर्यंत तिने कड सोडली नाही.

पुढून रुक्मिणीबाईंचा आवाज आला, "दुसरी असती तं लेकरू उसयलं असतं."

घरी पोहोचले तेव्हा जाकीर मलिहाला घेऊन आला होता आणि त्याच्याबरोबर धाड गावचा देवानंद, कोणा पाहुण्याच्या पाहुण्याचा नातेवाईक. त्याच्या बायकोचे दिवस भरले होते; याआधी दोनदा अपुऱ्या दिवसांचे गेले होते. तो खुर्ची न्यायला दोन तासांपासून थांबला होता. रुपाली गाडीतून उतरली ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, ही नेऊ नका. फुटेल हाय. आत्ता घाटात मोडल्याचा आवाज आला. तुमच्या लेकराले धोका हाय इच्यात."

देवानंद तिच्याकडे पाहत राहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "वहिनी, माह्या मायनं सांगेलच होतं मले. म्हने, जिले लाभली ती बाई चांगलं म्हननारच नाई. आपल्या लेकराले दृष्ट नोको लागाले म्हून वंगाळच सांगन. जेवढं वंगाळ सांगन तेवढी लाभाची समज."

हीही रीतच. गुटगुटीत मुलाला आई 'कसलं रोड' म्हणते, भरल्या कणगीला 'उंदरांनी खाल्ली' म्हणते. जिथे चांगल्याला वाईट म्हणणे हा शिष्टाचार असतो, तिथे वाईटाला वाईट म्हणायला शब्द उरत नाही. रुपाली जाकीरकडे वळली. "जाकीरभाई, तुमी तरी सांगा. तुमची हाय."

जाकीरने मलिहाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता. "मी काय सांगू भाभी. शकीलचा मोबाइल बंद केला, खातं बंद केलं, खोली खाली केली. त्याची एवढी एकच चीज चालू हाय. लोक दुआ देतात." मलिहाचे केस सारखे करत तो म्हणाला, "तुमी म्हनता तं खरंच असन. पन मले नोका सांगाले लावू."

चहा ठेवायला म्हणून रुपाली आत गेली आणि खुर्ची सोबत घेऊन गेली. वाद करता येईल, अर्थ लावता येईल असे जगात सगळेच आहे; पण पट्टाच नसेल तर मूल बसवणार कसे? शिवणाच्या डब्यातली मोठी कात्री घेऊन तिने खांद्यांवरचे दोन्ही पट्टे खाचेजवळून कापले.  खुर्ची बाहेर आणून तिने सगळ्यांसमोर ठेवली. "कापले. आता इच्यात कोनाचंच लेकरू बसत नाई."

 देवानंदने तुटक्या पट्ट्यांची टोके उचलून पाहिली. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होते. "वहिनी, लाभ घरातून जाऊ नये असं वाटनारच. मले म्हटलं असतं तं मी दोन-चार दिवस थांबलो असतो."

"मनावर नोको घेऊ बाबू," रुक्मिणीबाई शरमेने म्हणाल्या. "वली बाळंतीन हाय. डोकं ठिकान्यावर नाई तिचं."

त्याने खुर्ची तशीच खांद्यावर टाकली आणि नेली. नेणार नाही असे रुपालीने गृहीत धरले होते. तिच्या साऱ्या हिशेबात मोची कुठेच नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी शेखरने फोन तिच्यापुढे धरला. फोटो होता. खुर्चीत एक लालसर, सुरकुतलेले, दोन दिवसांचे बाळ. खाली देवानंदने लिहिले होते: 'पट्टे शिवून घेतले. पोरगा झाला. वहिनीले सांगा, राग नाही.' रुपालीने फोटो मोठा केला. चपलेला घालतात तशी उलटसुलट शिवण, पांढरा नायलॉनचा दोरा, दर पट्ट्याला अकरा टाके. मोच्याने मन लावून काम केले होते. दोन्ही बाजूंच्या टाक्यांत उणेअधिक नव्हते. किती ओझ्याला हा दोरा तग धरेल ते तिला नजरेने कळले. आकडा फार लहान होता. तिच्या हाती येईपर्यंत खुर्चीचे कवच तेवढे फुटलेले होते, पट्टे शाबूत होते. आता पट्टेही गेले होते. ही सुधारणा तिची.

तिने नंबर लावला. फोन देवानंदच्या आईने उचलला. रुपालीने नाव सांगितले.

"पोहोचलो वं बाई कव्हाच. सुखरूप. नववा दोरा बांधला."

"मावशी, ते टाके टिकत नाईत. चपलेचा दोरा हाय तो. पुन्हा बसवू नका त्याले..."

"नाई बसवत. आमचं काम झालं ना. मेहकराकडची एक सून आली हाय न्यायाले, आठवा चालू हाय तिले. इथंच बसली हाय, पयले लाभलेल्या बाईसंग बोलतो म्हनते. थांब, देते तिच्याजवळ."

फोन हातातून हातात गेल्याची खसखस ऐकू आली. मग एक कोवळा, अपरिचित आवाज, अतिशय आदराने: "ताई, मले खरं सांगजा. कशी हाय हो खुर्ची?"

रुपालीने तोंड उघडले. चांगली म्हटले तर चांगली. वाईट म्हटले तर त्याहून चांगली. मोडलेली, कापलेली, चपलेसारखी शिवलेली, ते सगळे त्या बाईला कोणीतरी आधीच सांगितलेले असणार, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट खुर्चीच्या बाजूने जमा झालेली असणार. मराठीत असा एखादा शब्द असेल का, जो फक्त तेवढाच अर्थ घेऊन पलीकडे पोहोचेल? तिने शोधला. पलीकडचा श्वास ऐकू येत होता; वाट पाहणारा, जड, आठव्या महिन्याचा. शोधण्यात बराच वेळ गेला.

"समजलं ताई," तो आवाज तृप्त होऊन म्हणाला, आणि फोन बंद झाला.